कथेतली विरामचिन्हं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा पाठवणारे लोक कथानकाबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते टिंबांबद्दल, रेघांबद्दल आणि ‘म्हणाला’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही याबद्दल. हस्तलिखितं तपासताना आणि पत्रांना उत्तरं देताना तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येत राहिले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कथा लिहायला नेमकी कोणती विरामचिन्हं लागतात? सगळी यायलाच हवीत का?

नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह एवढ्यांवर अख्खी कथा निभावते. त्यानंतर उपयोगी पडतात ती तीन टिंबं (व्याकरणात लोपचिन्ह), लांब रेघ (अपसारणचिन्ह), आखूड रेघ (संयोगचिन्ह), उद्गारचिन्ह आणि एकेरी अवतरणचिन्ह. अर्धविराम आणि अपूर्णविराम कथेत पाहुण्यासारखे येतात. कंसाचं म्हणाल, तर तो निवेदकाने वाचकाच्या कानाशी लागून बोलल्यासारखा वाटतो. तुमचा निवेदक तसा खोडकर असेल तर वापरा.

२. विरामचिन्हांचे अधिकृत नियम कुठे मिळतील?

शुद्धलेखनाचे म्हणून जे नियम आपण ओळखतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम. त्यांतले १४ शासनाने १९६२ साली मान्य केले आणि ४ पुढे १९७२ मध्ये आले. पण त्यांचा सगळा भर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपं यांवर आहे. ‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नंतर, याचा निवाडा तिथे मिळत नाही. शालेय व्याकरणाच्या पुस्तकात चिन्हांची यादी आणि प्रत्येकाचं एक उदाहरण असतं. कथेत उपस्थित होणारे प्रश्न त्याच्या बरेच पुढचे असतात.

याचं कारण इतिहासात आहे. मोडीत लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. शब्द तोडण्याचीही पद्धत नव्हती, मग विरामचिन्हं कुठली? देवनागरी पोथ्यांत एकेरी आणि दुहेरी दंड होते, ते ओवी-श्लोकांचे चरण दाखवायला. आज आपण वापरतो ती चिन्हं छापखान्याबरोबर आणि इंग्रजी पुस्तकांच्या वळणाने आली. मेजर थॉमस कॅन्डी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. म्हणजे मराठी भाषेच्या मानाने ही चिन्हं अगदी अलीकडची. त्यामुळे काही ठिकाणी एकापेक्षा जास्त पद्धती रूढ आहेत आणि त्या सगळ्या ‘बरोबर’ आहेत. अशा ठिकाणी पुढच्या उत्तरांत मी माझी पसंती सांगितली आहे. ती पसंतीच समजा.

३. वाक्याच्या शेवटी टिंब द्यायचं की दंड?

मराठी गद्यात टिंब. उभा दंड हिंदीत चालतो. कथेतलं पात्र एखादी ओवी किंवा अभंग म्हणत असेल, तर तेवढ्या ओळींना दंड शोभतात.

४. संवादाला एकेरी अवतरणचिन्ह वापरू की दुहेरी?

दुहेरी. एकेरी चिन्हाला मराठीत आधीच पुष्कळ कामं आहेत: शब्दावर बोट ठेवणं, शीर्षक दाखवणं, संवादाच्या पोटातला संवाद दाखवणं. संवादालाही तेच दिलं तर वाचक अडखळतो. पोटातला संवाद असा लिहावा:

“मी विचारलं तेव्हा तो फक्त ‘बघू’ म्हणाला.”

काही प्रकाशनं संवादालाच एकेरी चिन्ह वापरतात आणि आतल्याला दुहेरी. तेही चालतं. एकाच कथेत दोन्ही मात्र नकोत. आणखी एक : उघडणारं आणि मिटणारं चिन्ह वेगळं दिसलं पाहिजे. फोनवर सरळ उभी चिन्हं पडतात आणि संगणकावर वळणदार. अर्धी कथा प्रवासात आणि अर्धी घरी लिहिली, की दोन्हींची सरमिसळ होते. शेवटी एकदा ‘शोधा आणि बदला’ करून घ्या.

५. “मी येतो,” तो म्हणाला. यात स्वल्पविराम आत का? आणि पूर्णविराम कधी द्यायचा?

‘म्हणाला’ला कर्म लागतं, आणि बोललेलं वाक्य हेच ते कर्म. म्हणजे दोन्ही मिळून एकच वाक्य होतं. ते मध्येच संपत नाही, म्हणून स्वल्पविराम. तो बोलण्याचा भाग आहे, म्हणून अवतरणाच्या आत.

बोलणं प्रश्नचिन्हाने किंवा उद्गारचिन्हाने संपलं, तर वेगळा स्वल्पविराम नको. “कुठे गेली ती?” त्याने विचारलं. इथे “ती?,” असं लिहिलेलं मी दर महिन्याला पाहते.

खरी चूक होते ती क्रियापद बोलण्याचं नसतं तेव्हा. “मी जातो,” तो उठला. उठणं म्हणजे बोलणं नव्हे. इथे दोन वाक्यं आहेत : “मी जातो.” तो उठला. हसला, वळला, सुस्कारा सोडला, खिडकीबाहेर पाहिलं, या सगळ्यांना हेच लागू. दोन्ही क्रिया एका वाक्यात गुंफायच्या असतील तर मराठीत त्यासाठी फार सुरेख सोय आहे : “मी जातो,” म्हणत तो उठला.

बोलणं मध्ये तोडलं तर ते कुठे तुटतं ते पाहा:

“मला वाटलं,” ती म्हणाली, “तू येणारच नाहीस.”

“मी थकलोय,” तो म्हणाला. “उद्या बोलू.”

पहिल्यात वाक्य अर्ध्यावर तोडलं, म्हणून ‘म्हणाली’नंतर स्वल्पविराम. दुसऱ्यात एक वाक्य पुरं झालं, म्हणून पूर्णविराम. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसतात. नवं वाक्य सुरू झालं हे सांगायला त्या एका टिंबाशिवाय दुसरं काहीही नसतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. बोललेला शब्द वाक्यात अगदी मिसळून गेला असेल तर चिन्हांचा पसारा नको. ‘येतो’ म्हणून गेला तो परतलाच नाही. इथे स्वल्पविराम दिला तर वाक्याला उगाच ठेच लागते. अवतरणचिन्हंही काढून टाकली तरी चालेल.

६. तो म्हणाला, की… असं लिहू, की तो म्हणाला की,… असं?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हा. व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर ‘की’ पुढच्या उपवाक्याचा असतो, म्हणून स्वल्पविराम त्याच्या आधी. कानाच्या बाजूने पाहिलं तर बोलताना आपण बऱ्याचदा ‘की’ म्हणून मग थांबतो, म्हणून लोक तो नंतर देतात. दोन्ही रूढ आहेत. मी आधी देते. वाक्य छोटं असेल तर दोन्हीकडे काही नको : मला वाटलं की संपलं.

‘की’ आणि अवतरणचिन्हं एकत्र मात्र आणू नका. तो म्हणाला की, “मी येतो.” यात एकच काम दोघांना दिलं आहे. ‘की’ ठेवा किंवा चिन्हं ठेवा.

यापेक्षा महत्त्वाची अडचण निराळीच आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. शरद म्हणाला, की मी चुकलो. हे आपल्याला सहज वाटतं. पण कथा प्रथमपुरुषी असेल तर? चुकला कोण, शरद की निवेदक? वाचकाला दोन्ही अर्थ लागतात. अशा ठिकाणी सरळ अवतरण द्या : शरद म्हणाला, “मी चुकलो.” किंवा ‘आपण’ वापरा : आपण चुकलो, असं शरद म्हणाला. ‘आपण’ही पूर्ण निर्धोक नाही, कारण त्यात ‘आपण दोघं’ असा अर्थ डोकावू शकतो. प्रथमपुरुषी कथेत म्हणूनच अवतरणचिन्हं सोडून देण्याआधी दोनदा विचार करावा (प्रश्न २३ पाहा).

दुसरे दोन ‘की’ या नियमात येत नाहीत. विकल्पाचा : जायचं की थांबायचं? आणि आग्रहाचा : ये की! त्यांच्याआधी स्वल्पविराम नको.

७. स्वल्पविराम नेमका कुठे द्यायचा? जिथे श्वास घेतो तिथे?

श्वासाचा नियम निम्माच खरा. दम्याच्या रुग्णाचा श्वास वेगळा आणि वकिलाचा वेगळा. आधी अर्थ पाहा, मग श्वास.

अर्थ बदलतो तिथे स्वल्पविरामाला पर्याय नाही:

“नाही मी येणार.”
“नाही, मी येणार.”

पहिला येणार नाही, दुसरा येणारच. किंवा हे बघा : “आता नको सांगू तिला.” म्हणजे सध्या गप्प राहा. “आता नको, सांगू तिला.” म्हणजे सांगायचं ठरलंय, वेळ फक्त ही नाही. एका स्वल्पविरामावर कथेचा पुढचा प्रसंग अवलंबून असू शकतो.

जोडीने येणाऱ्या शब्दांत सांधा दाखवावा : जो काल आला होता, तो आज दिसला नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं यांनाही तेच. ‘पण’च्या आधी द्यावा. ‘आणि’च्या आधी एरवी नको, मात्र दोन्हीकडचे कर्ते वेगळे असतील आणि वाक्य लांब असेल तर दिलेला बरा.

‘-ऊन’ची क्रियापदं एकटी असताना त्यांना काही लागत नाही : कंदील उचलून तो बाहेर आला. रांग लागली की लागतं : कंदील उचलून, पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून तो विहिरीशी आला. शेवटच्या ‘ओलांडून’नंतर मी स्वल्पविराम देत नाही, कारण तिथून वाक्य मुक्कामाला पोचायला निघालेलं असतं.

आणि कर्ता लांबला म्हणून त्याच्यानंतर स्वल्पविराम टाकू नका. रात्री उशिरा आलेला तो उंच माणूस, दारात उभा होता. इथे माणूस आणि त्याचं उभं राहणं यांच्यात विनाकारण भिंत आली आहे.

छोटी वाक्यं स्वल्पविरामांनी जोडणं मात्र मराठीला मानवतं. तो उठला, दाराशी गेला, कडी काढली. यात दोष नाही, उलट चाल आहे.

८. हाक मारताना स्वल्पविराम द्यायचा का? ‘रे’, ‘गं’, ‘हो’ यांचं काय?

नावाला किंवा नात्याच्या शब्दाला द्यावा : “आई, ऐक ना.” “थांब, वसू.” मध्ये आलं तर दोन्हीकडे : “हे बघ, दादा, माझा नाइलाज आहे.”

रे, गं, हो, ना, बरं, बुवा हे मात्र आधीच्या शब्दाला बिलगलेले असतात. त्यांच्याआधी स्वल्पविराम दिला की बोलणं एकदम परकं वाटायला लागतं. “काय, रे, कुठे होतास?” असं कोणी बोलत नाही. “काय रे, कुठे होतास?” असंच.

९. बोलताना शब्द मागेपुढे होतात. क्रियापदानंतर आलेल्या शब्दाआधी स्वल्पविराम द्यावा का?

मराठीत क्रियापद शेवटी असतं असं पुस्तकात लिहिलेलं असलं, तरी बोलण्यात आपण ते सर्रास पुढे ओढतो. “कुठे ठेवलीस किल्ली?” “गेला तो.” “मी सांगितलं होतं तुला.” हे नेहमीचंच बोलणं आहे, तिथे स्वल्पविराम नको.

पात्राला तो शब्द मागाहून सुचला असेल किंवा मुद्दाम टोचायचा असेल तर द्यावा. “मी सांगितलं होतं, तुला.” म्हणजे दुसऱ्या कुणाला नव्हे, तुलाच. मोठ्याने वाचून बघा, आवाज वेगळा लागतो.

१०. ‘का’, ‘कधी’, ‘कुठे’ आलं की प्रश्नचिन्ह द्यायचंच का?

नाही. तो कधी येणार हे तिला माहीत नव्हतं. हे विधान आहे. तो कुठे गेला कोण जाणे. हेही विधानच. प्रश्नवाचक शब्द पोटात असला तरी वाक्य प्रश्न विचारत नाही. तेच तोडून लिहिलं, तर प्रश्न मोकळा होतो : तो कधी येणार? तिला माहीत नव्हतं. आता वाचक तिच्या डोक्यात शिरला.

उलट बाजूही आहे. “तू गेलास?” यात प्रश्नवाचक शब्दच नाही. चिन्ह विसरलात तर प्रश्नाचं विधान होतं.

‘काय’ दोन्हीकडे नाचतो. “काय हे?” म्हणजे माहिती हवी आहे. “काय हे!” म्हणजे वैताग. “येशील ना?” आणि “येशील ना!” यांत तर आशा आणि आर्जव एवढा फरक आहे.

आणि कधी प्रश्नाला मुद्दाम पूर्णविराम द्यावा. “कुठे होतास.” तिचा आवाज चढलाच नाही. असं कथेत एकदा केलं तर अंगावर येतं.

११. उद्गारचिन्ह किती वापरावं?

एका जागी एक. तीन देऊन आवाज तिप्पट होत नाही. शाळेत शिकवतात की अरेरे, अबब, बापरे यांच्यानंतर उद्गारचिन्ह हवंच. कथेत तसं बंधन नाही. “अरेरे, वाईट झालं.” हे वाक्य शांतपणे म्हणणारा माणूसही असतो. निवेदनातली उद्गारचिन्हं मी बहुतेक सगळी खोडते. निवेदक स्वतःच चकित व्हायला लागला, की वाचकाला चकित व्हायला जागा उरत नाही. प्रश्न आणि उद्गार दोन्ही दाखवायचे असतील तर ?! असं, क्वचित.

१२. तीन टिंबं आणि लांब रेघ यांत फरक काय? दोन्ही अर्धवट वाक्यालाच ना?

हो, पण वाक्य कशामुळे अर्धवट राहिलं हे ती वेगवेगळं सांगतात. पात्र आपणहून विरघळत गेलं तर टिंबं. दुसऱ्या कुणी किंवा कशाने तरी तोडलं तर रेघ.

“मी तुला सांगणार होते, पण…”

“मी तुला सांगणार हो—”
“काही सांगू नकोस.”

पहिलीत ती स्वतः थांबली. दुसरीत तिला थांबवलं. रेघ दिल्यावर पुन्हा ‘त्याने तिचं बोलणं मध्येच तोडलं’ असं लिहायची गरज उरत नाही. जवळजवळ प्रत्येकजण ते लिहितो.

पण वाक्य कुठे तोडायचं, यात मराठीला एक वरदान आहे, आणि ते फार कमी लेखक वापरतात. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी. काळ, होकार-नकार, बऱ्याचदा बोलणाऱ्याचं लिंगही त्या शेवटच्या शब्दांत. म्हणजे शेवटचे एक-दोन शब्द कापले, की सगळंच अधांतरी.

“मी ते पत्र त्याला—”

दिलं? दिलं नाही? देणार होते? दाखवलं? वाचून दाखवलं? ‘मी’ पुरुष की बाई, हेसुद्धा कळत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी तर या जागेची पूजा करावी. उलट “मी ते पत्र त्याला दिलं ना—” इथे तोडलं तर माहिती देऊन झालेली असते, तुटण्याला अर्थ राहत नाही. म्हणून रेघ ओढण्याआधी वाक्य पूर्ण लिहून काढा आणि मग मागून एकेक शब्द पुसत या. योग्य जागा आपोआप सापडते.

शब्दाच्या मध्येच तोडायचं असेल तर अक्षर पूर्ण ठेवून तोडा : ‘हो—’, ‘सांग—’. उघडा पाय मोडलेला व्यंजनाचा तुकडा वाचताना अडतो.

१३. टिंबं किती? आणि लांब रेघ टाइप कशी करायची?

टिंबं तीन. चार, पाच, नऊ नकोत. दोनही नकोत. आधीच्या शब्दाला चिकटून, नंतर मोकळी जागा. पुढे प्रश्नचिन्ह येऊ शकतं, पूर्णविराम वेगळा नको.

लांब रेघेसाठी बहुतेक फोनच्या कीबोर्डवर आखूड रेघेची कळ दाबून धरावी. आखूड रेघ लांब रेघेच्या जागी वापरली तर ‘हो-’ असं काहीतरी अर्धवट जोडशब्दासारखं दिसतं.

१४. आवाज लांबवलेला कसा दाखवू? “आईईईई” असं लिहिलं तर?

त्यासाठी आपल्याकडे अवग्रह आहे : ऽ. संस्कृतात तो लोपलेल्या ‘अ’ची खूण म्हणून येतो, मराठी कथेने त्याला सूर लांबवायच्या कामी लावलं. ज्या स्वराला ओढ आहे, त्याच्या लगेच नंतर तो द्यायचा.

“आईऽऽ!” ही लांबून मारलेली हाक. “आऽऽई गं!” ही ठेच. जागा बदलली की प्रसंग बदलला. “होऽ” म्हणजे कंटाळलेला होकार. “नाऽही” म्हणजे लाडिक नकार. एक किंवा दोन पुरेत.

दोन चुका नेहमीच्या. पहिली, अवग्रह सापडत नाही म्हणून त्याच्या जागी इंग्रजी ‘एस’ टाइप करणं. दिसायला सारखं दिसतं, पण टंक बदलला की ‘आई’च्या पोटात परकं अक्षर उघडं पडतं. दुसरी, मात्रा पुन्हा पुन्हा देणं. एका अक्षराला दुसरी वेलांटी लागत नाही, मग बहुतेक पडद्यांवर टिंबांचं रिकामं वर्तुळ उमटतं.

१५. तोतरं बोलणं, हुंदके, धाप हे कसं लिहायचं?

अडखळणं आखूड रेघेने : “म-मला माहीत नाही.” “को-कोण आहे?” देवनागरीत एकक अक्षर असतं, तेव्हा पुनरावृत्तीही अक्षराचीच करावी. जोडाक्षर असेल तर “प्र-प्रकाश” किंवा “प-प्रकाश”, कानाला जे खरं वाटेल ते.

हुंदके आणि धाप टिंबांनी : “मी… नाही… केलं.” एका प्रसंगात दोनदा, फार तर तीनदा. पात्र तोतरं आहे हे वाचकाला एकदा कळलं की तो स्वतःच पुढचं तसं ऐकतो. प्रत्येक वाक्यात रेघा पेरल्या तर माणूस मागे पडतो आणि नुसतं त्याचं व्यंग समोर येतं.

१६. मनातले विचार अवतरणात घालू का? तिरप्या अक्षरांत?

तीन वाटा आहेत. एकेरी अवतरण : ‘आता काय करायचं?’ तिने स्वतःलाच विचारलं. तिरपी अक्षरं : ती मला आवडत नाहीत. तिरपं वळण देवनागरीचं स्वतःचं नाही, बहुतेक टंकांत यंत्र सरळ अक्षरंच कलती करतं आणि मात्रा एकमेकींवर झुकतात. तिसरी वाट काहीही न वापरण्याची:

तिने दार लावलं. आता मागे वळून बघायचं नाही.

‘बघायचं नाही’ला कर्ताच नाही. ते निवेदकाचंही असतं आणि तिचंही. मराठीने हे फुकट दिलेलं आहे, घ्या. दुहेरी अवतरण मात्र विचारांना नको, वाचकाला ती मोठ्याने बोलली असं वाटतं.

१७. एकच पात्र दोन-तीन परिच्छेद सलग बोलतं. अवतरणचिन्हं कशी द्यायची?

प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह, मिटणारं फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस. मध्येच मिटवलं तर पुढचा परिच्छेद दुसऱ्याने बोलला असं वाटेल, कारण बोलणारा बदलला की नवा परिच्छेद हा संकेत वाचकाच्या अंगवळणी पडलेला असतो.

१८. फोनवरचं एका बाजूचं बोलणं आणि मोबाइलवरचे संदेश?

फोनवर पलीकडच्याचं बोलणं टिंबांनी दाखवता येतं : “हो… कधी?… बरं. बरं, येतो.” लांबलं तर मध्ये एखादी कृती घाला. नुसती टिंबं दिसली की पात्र पेंगतंय असं वाटतं.

संदेशांत पात्राची स्वतःची विरामचिन्हं राहू द्यावीत. जो माणूस कधीच पूर्णविराम देत नाही, त्याने एक दिवस ‘ठीक आहे.’ असं टिंबासकट पाठवलं, तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो. हे शुद्ध करायला जाऊ नका.

१९. ‘तो म्हणाला:’ लिहिताना कुणीतरी विसर्ग दिसतो म्हणालं. म्हणजे काय?

अपूर्णविराम आणि विसर्ग सारखे दिसतात, पण ते वेगळे आहेत. विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह, दुःख किंवा स्वतः या शब्दांतलं. मराठी कीबोर्डवर तो चटकन सापडतो, म्हणून लोक तोच दडपतात आणि ‘म्हणालाः’ असा उच्चारताच न येणारा शब्द तयार होतो. घोटाळा टाळायला अनेक मराठी मुद्रक अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडतात. या पानावरही बऱ्याच ठिकाणी ती सोडलेली दिसेल.

२०. ‘आईवडील’ की ‘आई-वडील’? ‘हळूहळू’ की ‘हळू-हळू’?

आई-वडील, येणं-जाणं, दोन-तीन : ‘आणि’ किंवा ‘किंवा’ गाळलेला असतो तिथे रेघ द्यावी. रूढ झालेले शब्द रेघेशिवायही लिहितात. हळूहळू एकच शब्द, रेघ नको. जाता जाता, बोलता बोलता हे सुटे. शब्दयोगी अव्ययांना कधीच रेघ नको : ‘तिच्या-बरोबर’ नव्हे, ‘तिच्याबरोबर’.

२१. अवतरणातल्या शब्दाला प्रत्यय लावायचा झाला तर?

चिन्ह मिटवून लगेच, जागा न सोडता : ‘नाही’ला, ‘प्रतीक्षा’मध्ये, ‘बघू’चा अर्थ. पूर्णविरामाचंही इथेच सांगते. अवतरणात एखादाच शब्द असेल तर तो बाहेर : ऐकू आलं ते एवढंच, ‘नाही’. पूर्ण वाक्य असेल तर आत.

२२. अर्धविराम कथेत वापरावा का?

संवादात शक्यतो नको, अर्धविराम ऐकू येत नाही. निवेदनात दोन वाक्यं एकमेकांकडे बघत उभी असतील तर चालेल : घर विकलं गेलं; किल्ली तिच्याकडेच राहिली. असे पाच अर्धविराम एका पानावर आले तर चार काढा.

२३. अवतरणचिन्हं अजिबात न वापरता संवाद लिहिता येतील का?

येतील, पुष्कळ जण लिहितात. कुणी ओळीच्या सुरुवातीला लांब रेघ देतं, कुणी काहीच देत नाही. फायदा असा की बोलणं, आठवण आणि निवेदन एकमेकांत मिसळतं. तोटाही तोच. मराठीत तो धोका जास्त, कारण ‘मी’ची गफलत (प्रश्न ६) आणि बिनकर्त्याची वाक्यं (प्रश्न १६) आधीच हजर असतात. निवेदन प्रमाण भाषेत आणि पात्रं बोलीत बोलत असतील तर मात्र चिन्हांची उणीव भाषाच भरून काढते. ‘गेले’ आणि ‘गेलं’ यांतला फरकच अवतरणचिन्हाचं काम करतो.

रेघ वापरणार असाल तर ती तोडलेल्या वाक्यालाही लागते, हे विसरू नका (प्रश्न १२). एकाच ओळीच्या दोन्ही टोकांना रेघ आली की गोंधळ होतो.

२४. संपादकाने माझी चिन्हं बदलली. मी हरकत घ्यावी का?

कशाबद्दल, त्यावर अवलंबून. ‘की’चा स्वल्पविराम इकडचा तिकडे केला असेल तर सोडून द्या, तो त्यांच्या घरचा रिवाज आहे. “कुठे होतास.” याला प्रश्नचिन्ह लावलं असेल तर जरूर बोला. हस्तलिखितासोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडली तर बहुतेक भांडणं टळतात : प्रश्नांना पूर्णविराम मुद्दाम आहे, विचारांना अवतरण नाही, रेघ फक्त तोडलेल्या वाक्याला. मात्र मग तुमच्या कथेत ते तसंच असायला हवं. तिसऱ्या पानावर विचार अवतरणात आणि अकराव्यावर उघडे असतील, तर संपादक त्याला शैली समजणार नाही.

२५. कथेचं शेवटचं वाक्य तीन टिंबांवर सोडलं तर चालतं ना?

माझ्याकडे येणाऱ्या कथांत हे फारच होतं. एक करून बघा. टिंबं पुसा, पूर्णविराम द्या आणि दोन दिवसांनी वाचा. वाक्य तसंच हुरहूर लावत असेल, तर टिंबांची गरज नव्हती. वाक्य कोसळत असेल तर टिंबं परत ठेवू नका, वाक्य बदला. वाक्य मध्येच तुटून कथा संपते, असं तुमच्या कथानकातच असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण मग बहुधा टिंबं नव्हे, रेघ लागेल.

शेवटी काहीच चिन्ह दिलं नाही तर, असंही एकाने विचारलं होतं. त्याला मी कथा पाठवायला सांगितलं. आली तेव्हा शेवटी टिंब होतं.